तहरीत न पडलेली वांगी

लखनौहून परतल्यावर सांगलीत जो भेटला त्यानं दोनच गोष्टी विचारल्या. इमामबाडा पाहिलास का, आणि चिकनकारीचे कुर्ते आणलेस का. पाहिला, आणले, असं म्हणून मी मोकळा झालो. खरं म्हणजे मी तिथे एका भाजीबाजाराच्या पहिल्या दिवसासाठी गेलो होतो. त्याबद्दल कोणी विचारलं नाही, ते माझ्या पथ्यावरच पडलं. आता वर्ष होत आलंय, म्हणून कोणी न विचारता सांगतो.

इंदिरा नगर

माझी थोरली बहीण सुमनताई लग्न होऊन लखनौला गेली त्याला तीसेक वर्षं झाली. दाजी तिथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. इतक्या वर्षांत मी तिच्याकडे दोनदा गेलो. एकदा भाचीच्या बारशाला, एकदा दाजी गेले तेव्हा. फोन व्हायचे, पण फोनवर बोलायची ती. मी ‘हं’ म्हणायचो. त्या नोव्हेंबरात ती म्हणाली, “दिगू, आमचा बाजार सुरू होतोय, या वेळी ये. कोणी मेल्याशिवाय यायचंच नाही असं काही नसतं.” मग मात्र गेलो.

विमानाचं, टॅक्सीचं सांगत बसत नाही. एवढंच, की ताईसाठी नेलेली हळदीची पिशवी बॅगेत फुटली आणि माझे सगळे सदरे पिवळेधमक झाले. माझी भाची केतकी तिथल्या एका बँकेत नोकरी करते आणि ताईबरोबरच राहते. ती बॅग उघडून बघतच राहिली.

“मामा, आपकी तो हल्दी हो गई! मामी को बताया है?”

“केतकी, मराठीत बोल,” ताई आतून म्हणाली.

“बोलते ना. मामा समझ तो रहे हैं. बोलते नहीं, वह अलग बात है. मामा को किसने म्यूट पर रखा है, आई?”

ताई हसली. मीही हसलो. ही थट्टा पुढे चार दिवस चालली, आणि चौथ्या दिवसानंतर केतकीनं ती केली नाही.

ताईचं घर एका चौकोनी बागेसमोर आहे. कोपऱ्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले होते, गाड्या अजून यायच्या होत्या, आणि त्या धुळीनं बागेतली झाडं राखाडी झाली होती. याच बागेत नोव्हेंबरपासून होळीपर्यंत दर रविवारी बाजार भरतो. आसपासच्या गावांतले शेतकरी आपला माल स्वतः आणतात, मधे व्यापारी नाही. दाजी गेल्यावर ताईनं आणि कॉलनीतल्या काही बायकांनी तो सुरू केला.

पहिल्याच रविवारी तिथे इतकं धुकं पडलं होतं म्हणे, की गिऱ्हाइकंच आली नाहीत. भाजी परत काय न्यायची, म्हणून सगळ्यांनी मिळून तिची तहरी शिजवली आणि खाल्ली. तहरी म्हणजे हळद घातलेला तिकडचा भाज्यांचा भात, आपल्या मसालेभाताचा साधा भाऊ. तेव्हापासून रिवाज पडला. हंगामाच्या पहिल्या रविवारी प्रत्येकानं आपल्या मालातलं थोडं देगीत, म्हणजे मोठ्या हंड्यात, घालायचं. भात झाला की एकेकाचं नाव आणि त्याचा जिन्नस पुकारायचा, त्यानं पुढे येऊन एक पळी वाढायची आणि मग आपली जागा मांडायची.

“आणि कोणी मुळा आणला तर?” मी विचारलं.

“तर मुळा,” ताई म्हणाली. “काय येईल ते.”

“एक साल मूली पड़ी थी, मामा,” केतकी म्हणाली. “पूरा पार्क दो दिन महका.”

चौक

शनिवारी सकाळी केतकी मला जुन्या शहरात, चौकात घेऊन गेली. थंडीतच मिळणारी मक्खन मलाई खायची तर लवकर जावं लागतं. परातीत केशरी फेसाचा डोंगर रचून माणसं बसलेली असतात. चमचा तोंडात घातला की हाताला फक्त चमचा उरतो, मलाई कुठे गेली ते कळत नाही. मी दोन द्रोण खाल्ले. आपल्याकडे बासुंदी आटवून आटवून घट्ट करतात, इथे दुधाचं वजनच काढून टाकतात.

गल्लीत रिक्षा समोरासमोर आल्या, तर दोघे रिक्षावाले आधी एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करून मग भांडले. मला फार मजा वाटली. केतकी म्हणाली, “मामा, यहाँ नाराज़ भी आदमी अदब से होता है. पता ही नहीं चलता.”

परतताना तिनं गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगितली. बाजारात इदरीसभाई नावाचे एक भाजीवाले येतात. सरोजिनी नगरच्या पुढे, कानपूर रस्त्यापासून आत त्यांचं गाव. कॉलनीतल्या काही जणांनी मोबाइलवरच्या ग्रुपात कुजबूज सुरू केली, की ‘यांच्याकडून’ घ्यायचं कशाला, आपल्यातले आहेत की. उघड कोणी काही बोललं नाही, पण इदरीसभाईंच्या जागेसमोरची गर्दी पातळ झाली. तेव्हा ताई दर रविवारी विणकाम घेऊन त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागली. कोणाशी भांडली नाही, नुसती बसली. हळूहळू गर्दी परत आली.

“मगर आई को डर लगा रहता है,” केतकी म्हणाली. “कि कहीं कोई फिर कुछ कर दे.”

मी ‘हं’ म्हणालो. म्हणजे हे सगळं मला आदल्या दिवशी ठाऊक होतं. ते आधीच सांगून ठेवतो.

बागेत

रविवारी धुकं होतं, पण विरळ. ताई पहाटेपासून बागेत ताडपत्र्या बांधून घेत होती. मला तिनं एकच काम दिलं होतं. घराच्या पडवीत बसायचं, शेतकरी देगीसाठी जे देतील ते घ्यायचं आणि आत चिरायला बसलेल्या बायकांकडे द्यायचं. न बोलता होणारं काम, माझ्यासाठी बेतलेलं.

एकेक जण येत गेला. नवे बटाटे, माती लागलेली गाजरं, मटारच्या शेंगा. फुलकोबी अशी, की बायको बघती तर पिशवीच विसरती. शेपूला तिकडे सोया म्हणतात आणि बटाट्यात घालून आवडीनं खातात. आपल्याकडे शेपूचं नाव काढलं की अर्धं घर उठून जातं. चाकवत तिथे बथुआ होऊन आला. मी प्रत्येकाला हात जोडत होतो आणि टोपल्या आत सरकवत होतो.

इदरीसभाई मोपेडवरून आले. साठीच्या आतबाहेरचे, सडपातळ, अंगात राखाडी स्वेटर. टोपली गमछ्यानं झाकलेली.

“आदाब. आप दीदी के भाई हैं न? तब तो यह आप ही के यहाँ का है. दीदी से कुछ मत कहिएगा, देखते ही पहचान जाएँगी.”

ते गेल्यावर मी गमछा उचलला. कृष्णाकाठची वांगी. हिरवट जांभळी, पांढऱ्या रेघांची, देठाला काटे. मी दोन वर्षांपूर्वी ताईला बी पाठवलं होतं. तिनं मागितलं होतं, मी टपालात टाकलं आणि विसरलो. आता उलगडलं, की ते तिनं यांना दिलं होतं. एक काटा टोचला म्हणून मी बोट चोखलं आणि खरंच सांगतो, मला भरून आलं. घरापासून इतक्या लांब, धुक्यात, ही वांगी.

आता पुढचं सरळ लिहितो. चंपाषष्ठी अजून यायची होती. आमच्या घरी आषाढातल्या एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं चुलीवर चढत नसे, आणि त्यात सर्वांत कडक ताई. लहान मुलगी असताना एका लग्नाच्या पंगतीतून ती वांग्याची भाजी वाढली म्हणून उठली होती. मला वाटलं, ही देगीत पडली तर ताईला स्वतःच्याच बाजाराची तहरी खाता येणार नाही. शिवाय ही असली वांगी भातात लगदा होऊन जाणार, तेही जिवावर आलं. मी टोपली आत नेली, स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवली, ओलं फडकं घातलं. चंपाषष्ठीला ताई भरीत करील आणि म्हणेल, दिगूनं आठवणीनं ठेवली. हेही मनात होतं. नव्हतं असं म्हणत नाही.

कोणाला विचारावं असं मात्र मनात आलं नाही.

ऊन वर आलं तशी माणसं जमली. देग उतरली. कॉलनीचे सेक्रेटरी मिश्राजी, रेल्वेतून निवृत्त झालेले, सकाळी फाटकावर लिहून घेतलेली यादी अजून गाडी सुटल्याची सूचना द्यावी तशी माइकवर वाचत होते. “आलू, रामसेवक जी!” रामसेवक पुढे आले, पळी वाढली, टाळ्या. “मटर, छुट्टन की अम्मा! गाजर, दिनेश!” ज्याचं नाव येई त्याला बाकीचे काही तरी टोमणा मारत. “अरे छुट्टन की अम्मा, आधे तो कीड़े खा गए थे!” “तुम्हारी तो नीयत में कीड़ा है!” माणसं हसत होती. पळी धुऊन देण्याचं काम मी घेतलं होतं.

“बैंगन, इदरीस भाई!”

इदरीसभाई पुढे आले. ढवळणारा रामआसरे पळी हातात धरूनच म्हणाला, “बैंगन? बैंगन तो चढ़ा ही नहीं साहब.”

“कैसे नहीं चढ़ा?”

“आया ही नहीं हमारे पास.”

हसणं थांबलं. मागून कोणी तरी म्हणालं, “चलिए, अच्छा ही हुआ,” आणि त्यावर दोघंतिघं खाली बघून हसली. ताई फाटकापाशी होती, ती तिथेच थबकली. तिचं तोंड पांढरं पडलेलं मला दिसलं. मी देगीपासून दोन पावलांवर होतो. एक वाक्य पुरलं असतं. ‘टोपली मी ठेवली.’ हिंदीत ते आणखी सोपं आहे.

मी का बोललो नाही? गर्दी होती, माइक होता, चातुर्मास हिंदीत कसा सांगायचा ते सुचेना. ही कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी एवढंच होतं, की कोणी तरी बोलेल. माझ्या आयुष्यात नेहमी कोणी तरी बोललेलं आहे.

मिश्राजी गडबडीनं म्हणाले, “कोई बात नहीं, कलछी तो चलाइए इदरीस भाई, अगली बार बैंगन पहले!” आणि पुढचं नाव घेतलं.

इदरीसभाईंनी पळीला हात लावला नाही. ताई धावत आली तेव्हा ते तिच्याशी इतके गोड बोलले, की मला क्षणभर वाटलं मिटलं. “अरे दीदी, आप क्यों परेशान होती हैं. आपकी देग है. हमारी बहू की तबीयत ज़रा ठीक नहीं, आज इजाज़त दीजिए.” त्यांनी न मांडलेली भाजी मोपेडला परत बांधली. सर्वांना आदाब केला. मलाही केला.

तहरी चांगली झाली होती म्हणतात.

ओट्याखाली

संध्याकाळी ताईला टोपली सापडली. ती ओट्याशी खाली बसली, एक वांगं उचललं, उलटसुलट केलं. ओळखलंच तिनं.

“दिगू, ही इथे कशी?”

“चंपाषष्ठी व्हायचीय ना अजून. तुला चालणार नाही म्हणून...”

केतकी दारात आली होती. ती या वेळी मराठीत बोलली, अडखळत. “मामा, आईने ते केव्हाच सोडलं. मी शाळेत होते तेव्हा.”

“तुझ्या दाजींच्या जेवणाचे हाल व्हायचे, इथे हिवाळ्यात वांग्याशिवाय काय मिळतं,” ताई म्हणाली. “सोडलं. तुला कोण सांगणार? तू विचारलंस कधी?” मग वांगं टोपलीत ठेवून म्हणाली, “वांग्यांचं जाऊ दे. सकाळी बोलला का नाहीस? मी दिवसभर मिश्राजींवर, रामआसरेवर संशय घेतला रे. त्या बिचाऱ्या रामआसरेला बोललेसुद्धा.”

मी ओलं फडकं पिळत राहिलो. ती म्हणाली, “ठीक आहे. आपण त्यांच्याकडे जाऊ. तिथे तू सांग. तूच सांगायला हवं. सांगशील ना?”

“सांगीन.”

कानपूर रस्त्याच्या आत

मंगळवारी गेलो. सरोजिनी नगरपर्यंत टेम्पोत गुडघ्याला गुडघे लावून, पुढे ई-रिक्षा. मोहरी नुकती वर आलेली, शेतांच्या कडेला पेरूची झाडं. तिकडचा पेरू आतून पांढरा आणि इतका मऊ, की काळं मीठ लावताना बोट आत जातं. ताईनं वाटेत घेतला, मला अर्धा दिला. मी मनात वाक्य घोकत होतो. टोकरी मैंने रखी थी. टोकरी मैंने रखी थी.

इदरीसभाईंनी अंगणात खाट टाकली, वर धुतलेली चादर अंथरली. त्यांच्या बायकोनं दाराआडून चहा आणि बिस्किटं पाठवली. सून ठणठणीत होती, समोरच भांडी घासत होती. हवापाण्याचं बोलणं झालं. मग ताईनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

ती थांबली. कोंबडी खाटेखालून गेली, तिच्याकडे बघत मी बसलो. वाक्य तयार होतं. पण समोरचा माणूस इतका अदबीनं बसला होता, आणि ते एकदा बोललं की मी त्याच्यासमोर कोण ठरणार, हे मला दिसत होतं.

मग मोठ्या बहिणी करतात ते ताईनं केलं.

“इदरीस भाई, गलती हमसे हुई. टोकरी हमीं ने अंदर रखवा दी थी. हम लोगों में इन दिनों बैंगन नहीं खाते, व्रत रहता है.”

इदरीसभाई हसले. थट्टेचं हसू नव्हतं, वाईट वाटल्याचं होतं.

“दीदी, पिछली सर्दियों में इन्हीं दिनों आपने इसी खाट पर बैठकर बैंगन का भर्ता खाया था. दो बार माँगा था. हमारे घर में आज तक बात होती है.”

ताईनं खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. ती खोटं बोलणारी बाई नाही, म्हणून तिला ते नीट जमलंही नव्हतं.

“आप पर ज़ोर पड़ा होगा,” ते म्हणाले. “कॉलोनी में रहना है आपको. हम समझते हैं. आपने एक साल हमारे लिए इतना किया, वही बहुत है. चाय ठंडी हो रही है.”

अजूनही वेळ होती. मी चहा प्यालो.

परतीच्या टेम्पोत ताई एकच वाक्य बोलली. “आता त्यांना वाटतंय, मी घाबरले.” त्यानंतर मला रागावली नाही, जेवायला वाढलं, इमामबाडा दाखवायला पाठवलं. पुढच्या रविवारी बाजार गजबजला होता. इदरीसभाईंची जागा ताईनं कोणाला दिली नव्हती. त्या रिकाम्या ताडपत्रीशेजारी ती खुर्ची टाकून विणत बसली होती, आणि येणारेजाणारे तिला वळसा घालून जात होते.

विमानतळाच्या पुढे

शेवटच्या दिवशी मी लवकर निघालो. केतकी सोडायला येत होती, नको म्हटलं. विमानतळ कानपूर रस्त्यावरच आहे. टॅक्सीवाल्याला म्हणालो, जरा पुढे चला.

इदरीसभाई मंडीत गेले होते. आता माल तिकडेच घालत होते. त्यांची बायको दार अर्धं उघडून उभी राहिली. पदर डोक्यावर, नजर माझ्या पायांकडे. मी बसलो नाही. उभ्यानंच, मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. टोकरी मैंने रखी थी. दीदी को मालूम नहीं था. दीदी ने उस दिन मेरे लिए झूठ बोला. वाक्यं भराभर आली. इतकी सोपी होती ती, की लाज वाटली.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

“भैया,” ती म्हणाली, “पहले बहन ने अपने सिर लिया. अब भाई अपने सिर ले रहा है. आपकी कॉलोनी वाले बड़े नसीब वाले हैं.”

“नहीं, सच में मैंने...”

“आप अच्छे भाई हैं. अल्लाह सबको ऐसा भाई दे. जाइए, जहाज़ निकल जाएगा आपका.”

दार सावकाश लागलं. आवाजसुद्धा झाला नाही.

टॅक्सीत बसल्यावर मला कळलं, की मी काय करून ठेवलंय. आधी त्यांना नुसतं वाटत होतं, की ताईला कोणी भाग पाडलं. आता त्यांची खात्रीच झाली असणार. तिच्या खोट्याला मी साक्षीदार पुरवला, तोही रडवेला. तेच वाक्य देगीपाशी खरं होतं. खाटेवर बसून म्हटलं असतं तरी खरं राहिलं असतं. दारात उभं राहून म्हटलं तेव्हा ते बहिणीवरचं प्रेम झालं होतं, आणि प्रेमाच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवणार?

ताईला हे ठाऊक नाही. तिला वाटतं, मी त्या दिवशी सरळ विमानतळावर गेलो. गेला सबंध हिवाळा ती त्या रिकाम्या जागेशेजारी बसली, आणि फोनवर मी ‘हं’ म्हणत राहिलो.

या नोव्हेंबरात बाजार पुन्हा सुरू होतोय. मी तिकीट काढलंय. पहिल्या रविवारच्या आधी इदरीसभाईंच्या अंगणात आम्हा दोघांना बरोबर जावं लागेल. मी बोलेन, आणि मी बोलत असताना ताईनं मध्ये पडायचं नाही, एक शब्दही माझ्यासाठी बोलायचा नाही. तेवढं तिला जमेल का, मला माहीत नाही. पण ते तिच्याकडे मागायचं तर आधी तिला हे कळायला हवं, आणि फोनवर मला ते सांगता येत नाही, म्हणून लिहून काढलं. तुमच्याआधी हे तिच्याकडे गेलेलं असेल.